झाडू गरिबाच्या हाती, पाणी कोणाच्या?

गांधीजयंती आठवड्यावर आली की तालुक्याच्या कचेऱ्यांत लगबग सुरू होते. नवे झाडू येतात, कापडी फलक रंगतात, शाळेतल्या मुलांकडून घोषणा पाठ करून घेतल्या जातात. ठरल्या दिवशी प्रभातफेरी निघते. ग्रामपंचायतीसमोरचा, आदल्या संध्याकाळीच झाडून ठेवलेला चौक मान्यवरांच्या हस्ते पुन्हा झाडला जातो आणि छायाचित्रे निघतात. मग हात कसे धुवावेत यावर व्याख्यान होते. ते ऐकायला बसवलेल्या बायांपैकी कित्येकींनी त्याच सकाळी दोन हंड्यांसाठी तासभर रांग धरलेली असते. हात केव्हा आणि कशाने धुवावेत हे त्यांना सांगितले जाते. कोणत्या पाण्याने धुवावेत, हे सांगण्याची जबाबदारी मात्र व्याख्यात्याकडे नसते.

या सोहळ्यामागे एक सिद्धान्त दडलेला आहे. खेड्यातला गरीब घाणीत राहतो, कारण त्याला स्वच्छतेची जाण नाही. ती जाण दिली की गाव स्वच्छ होईल आणि रोगराई हटेल, असा तो सिद्धान्त. सत्ताधाऱ्यांना तो फार सोयीचा आहे. त्यात कोणाची जमीन जात नाही, कोणाच्या उसाचे पाणी तुटत नाही, अंदाजपत्रकाची फेरमांडणी करावी लागत नाही. दोष रोग्याचा, उपदेश सरकारचा आणि श्रेय पुढाऱ्याचे, अशी ही वाटणी आहे.

दुर्दैवाची गोष्ट अशी की, या सिद्धान्ताचा प्रतिवाद ज्यांनी करायचा, त्या समाजवादी कार्यकर्त्यांपैकी अनेकांनी दुसऱ्या टोकाची तितकीच सोयीची समजूत बाळगली आहे. संपत्तीची आणि सत्तेची रचना बदलली की आरोग्य आपोआप येईल. तोपर्यंत संडास, साबण आणि मीठ-साखरेचे पाणी हे सेवाभावी संस्थांचे काम आहे, मोर्चे काढणाऱ्यांचे नव्हे, ही ती समजूत. शिबिरात जागतिक भांडवलशाहीवर तीन तास बोलणाऱ्या कार्यकर्त्याला आपल्या गावच्या विहिरीत क्लोरीन शेवटचे केव्हा पडले हे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असावे असे त्याला वाटतही नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दोन्हींची किंमत मात्र एकाच घरातले, जुलाबाने सुकत चाललेले मूल चुकवते.

नारूचा धडा

उपदेश आणि सोय यांचे नाते काय असते, हे समजून घ्यायचे तर नारूचा इतिहास पाहावा. जुन्या पिढीतील माणसे या रोगाच्या आठवणीने अजूनही शहारतात. पायाला फोड येई, तो फुटे आणि त्यातून दोन-तीन फूट लांबीचा, दोऱ्यासारखा जंत हळूहळू बाहेर पडे. माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. पेरणीच्या दिवसांत खिळला तर वर्षाची भाकरी जाई. पायऱ्यांच्या विहिरीत पाणी भरायला उतरलेल्या रोग्याच्या पायातून जंताच्या अळ्या पाण्यात पडत, पाण्यातल्या सूक्ष्म जलचराच्या पोटात वाढत, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात शिरत. सुमारे वर्षभराने त्याच्या पायाला फोड येई. या रोगावर लस नव्हती आणि तो बरा करणारे औषधही नव्हते. ती दोन्ही आजही नाहीत.

तरीही हा रोग भारतातून गेला. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले जात होते. महाराष्ट्रही रोगग्रस्त राज्यांपैकी एक होता. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. हे घडवणारे काम दुहेरी होते. आरोग्यसेवक घरोघर गेले. पाणी कापडाने गाळून प्या, फोड आलेला पाय विहिरीत घालू नका, हे त्यांनी सांगितले आणि का ते समजावून दिले. त्याच वेळी पायऱ्यांच्या विहिरी बंद करण्यात आल्या किंवा त्यांचे रूप पालटण्यात आले, हातपंप बसले, पाणवठ्यांत जलचरनाशक औषध पडले. नुसती गाळण्याची फडकी वाटून विहीर तशीच ठेवली असती, तर रोग टिकून राहिला असता. नुसता हातपंप बसवून रोगाची साखळी समजावली नसती, तर पंप नादुरुस्त होताच गाव पुन्हा पायऱ्या उतरून पाण्यात शिरले असते.

ज्ञान ही क्षुल्लक गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी १९७१ सालही आठवावे. बांगलादेशाच्या मुक्तिलढ्याच्या काळात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलऱ्याने थैमान घातले. बनगाव येथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळ शिरेतून द्यावयाचे सलाइन पुरेसे उरले नाही. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपांतून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजण्यास सांगितले. तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टरच्या हातातील उपचार आईच्या हातात गेला आणि माणसे वाचली. समाजवाद्याने या घटनेकडे पाठ फिरवावी असे तिच्यात काही नाही. ज्ञानाची मक्तेदारी मोडण्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मात्र ते मिश्रण बनवायलाही आईजवळ पाणी असावे लागते, आणि येथूनच राजकारण सुरू होते.

पाण्याचे माप आणि अपमानाचे माप

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसाला रोज ५५ लिटर पाणी देण्याचे माप ठरवले. महाराष्ट्रातील टंचाईग्रस्त खेड्यांना टँकरने पाणी देताना शासन माणशी २० लिटर धरते. पाच माणसांच्या घराला शंभर लिटर. त्यातच पिणे, स्वयंपाक, भांडी, धुणी, अंघोळी आणि असल्यास जनावर. प्रत्येकाने दिवसातून एकदा संडासात पाच लिटर पाणी ओतायचे म्हटले, तरी पंचवीस लिटर, म्हणजे घरच्या पाण्याचा चौथा हिस्सा तेथे खर्ची पडतो. हे पाणी डोक्यावर वाहून आणणारी घरातील स्त्री असते. तिने ते संडासात ओतायला हात आखडता घेतला, तर अहवालात तिची नोंद ‘मानसिकता बदललेली नाही’ अशी होते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या गाडीची छायाचित्रे देशभर झळकली. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने उभे होते आणि उसाचे मळेही होते. राज्याच्या लागवडीखालील जमिनीचा अगदी थोडा भाग ऊस व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा घेतो, हे कोणत्याही पक्षाला अज्ञात नाही. ज्या जिल्ह्यात धरणाचे पाणी आधी उसाला आणि शेवटी हंड्याला मिळते, त्या जिल्ह्यात स्वच्छतेचा धडा प्रथम पाटबंधाऱ्याच्या कचेरीत द्यायला हवा.

तसे झाले नाही. धडा दिला गेला तो पहाटे ओढ्याकाठी. महाराष्ट्रात ‘गुड मॉर्निंग पथके’ निघाली. उघड्यावर बसलेल्या माणसाला शिट्टी वाजवून उठवायचे, त्याच्या हातात गुलाबाचे फूल द्यायचे, दंड करायचा, असा हा लोकशिक्षणाचा प्रकार होता. काही ठिकाणी रेशन बंद करण्याच्या धमक्याही दिल्या गेल्या. त्याच्याही पुढची पायरी कायद्याने गाठली. घरी संडास नसेल तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, अशी तरतूद हरियाणाने केली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातही संडासाची अट आहे. ज्याच्याजवळ झोपडीपुरतीही स्वतःची जागा नाही, त्याने संडास कोठे बांधावा हे कायदा सांगत नाही. गावाचे पाणी स्वतःच्या शेतात वळवणाऱ्याला अपात्र ठरवणारे कलम मात्र अजून कोणाला सुचलेले नाही.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरामागे बारा हजार रुपयांचे अनुदान मिळाले, कोट्यवधी संडास उभे राहिले, आणि अंधार पडण्याची वाट पाहत दिवस काढणाऱ्या असंख्य स्त्रियांची त्या यातनेतून सुटका झाली. हे पदरात पडलेले हित नाकारणारा कार्यकर्ता गावात हास्यास्पद ठरेल. परंतु २ ऑक्टोबर २०१९ रोजी देश हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली आणि २०१९ ते २१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील २६ टक्के कुटुंबे कोणताही संडास वापरत नसल्याचे आढळले. घोषणा आणि पाहणी यांच्यामधल्या या चौथ्या हिश्शाच्या माणसांचे आता काय करायचे? कागदावर ती उरलेलीच नाहीत. त्यांच्यासाठी पैसा मागायचा तर आधी घोषणा खोटी होती असे म्हणावे लागते, आणि तसे म्हणण्याचे धैर्य कोणत्या ग्रामसेवकात असणार?

पोस्टरवर न लिहिलेला धडा

मात्र सारा दोष पाण्याच्या टंचाईवर टाकून मोकळे होणेही प्रामाणिकपणाचे नाही. उत्तर भारतात नदीकाठी, मुबलक पाणी असलेल्या गावांतही बांधलेले संडास वापरले जात नाहीत. डायेन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे कारण जातीत शोधले. घरालगत मैला साठवणे अपवित्र वाटते, आणि भरलेला खड्डा उपसणे हे तर विशिष्ट जातीचे काम मानलेले. म्हणून खड्डा कधी भरूच नये अशी इच्छा असते. शासनाने सुचवलेला साधा दुहेरी शोषखड्डा लोकांना लहान वाटतो. परवडेल त्याने प्रचंड टाकी बांधावी आणि ज्याला परवडत नाही त्याने शेतात जावे, असा प्रकार होतो.

दोन शोषखड्ड्यांचे तंत्र अवघड नाही. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत दुर्गंधी नसलेले, निर्धोक खत होते, आणि घरच्या माणसाला ते फावड्याने काढता येते. बंदिस्त टाकीची गोष्ट निराळी. ती केव्हातरी उपसावीच लागते, आणि ती उपसायला उतरणारा माणूस कोणत्या वस्तीतून येतो हे सांगायला नको. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये आला, २०१३ मध्ये तो अधिक कडक झाला. टाक्यांत गुदमरून माणसे मरायची थांबलेली नाहीत. म्हणजे या देशात खड्ड्याच्या रचनेचा प्रश्न हाच जातीचा प्रश्न आहे. आरोग्यशिक्षणाच्या किती पोस्टरांवर हे लिहिलेले असते?

स्वच्छता आणि सोवळे यांतील अंतर महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी ते पाणी प्यायले, तेव्हा तळे बाटले असे ठरले, आणि सनातन्यांनी त्यात शेण-गोमूत्रासह पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केले. जंतुशास्त्राच्या दृष्टीने तळे त्या दिवशी घाण झाले, धर्माच्या दृष्टीने निर्मळ झाले. ही दृष्टी गावातून गेल्याखेरीज हात धुण्याचे कोणतेही शिक्षण पुरे होत नाही.

या दिशेने पावले टाकणारी माणसे येथेच होऊन गेली. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले आणि ते नाकारले गेले म्हणून उपवास आरंभला; येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी स्वस्त संडासांचे प्रयोग केले. मैल्याचे खत कोणीही हाताळू शकेल असे झाले की ते काम एका जातीच्या माथी मारण्याची सबब संपते, हा त्यांचा विचार होता. गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनात कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, देवापुढे बकरे कापू नका, शिवाशिव पाळू नका, असे बजावले. २०००-०१ पासून राज्य शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले. बाबांचा झाडू शासनाने उचलला. कर्जावर आणि जातीवर बोलणारे कीर्तन बाबांजवळच राहू दिले.

जामखेडला १९७० मध्ये कामाला लागलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी हा धागा सोडला नाही. गावाला दवाखान्याआधी पाणी हवे आहे हे त्यांनी ऐकून घेतले. कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला. पाणी हवे असेल तर इतर जातींनी तेथे यावे लागेल, अशी ती योजना होती. गावच्या आरोग्यसेविका म्हणून ज्या स्त्रिया निवडल्या गेल्या, त्यांपैकी अनेक निरक्षर आणि दलित होत्या. त्यांनीच बाळंतपणे केली, मुलांची वजने घेतली, जुलाबावरचे उपचार शिकवले. १९७१ मध्ये त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात हा आकडा तीसच्या आत आला. वस्तीतील पंपावर भरलेल्या हंड्याने तेथे जे शिकवले, ते शंभर व्याख्यानांना शिकवता आले नसते.

उसाच्या फडातील आरोग्यशिक्षण

पाणी, जात आणि मजुरी यांची गाठ कोठे बसते हे पाहायचे असेल, तर बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रीकडे पाहावे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ गाव सोडतो आणि पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात कोपीत राहतो. कोपीला संडास नसतो, न्हाणी नसते, पाण्याचा नळ नसतो. दिवस उजाडण्यापूर्वी फडात उतरायचे आणि मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. एक दिवस घरी बसावे तर खाडा धरून पैसे कापले जातात. मग अंगावरून जाणे, पोटात दुखणे, खाजगी दवाखाना, कॅन्सरची भीती, आणि एकदाची ‘पिशवी काढून टाकणे’.

राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या काळात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहापैकी एकीचे. या स्त्रियांना मासिक पाळीतील स्वच्छतेचे शिक्षण देऊ, असे कोणी म्हणेल तर त्याला काय उत्तर द्यावे? स्वच्छ कापड वापरावे हे तिला ठाऊक आहे. खाड्याचा दंड कोण रद्द करणार, आणि साखरेच्या पोत्यांचा हिशोब ठेवणारा कारखाना कोपीपर्यंत नळ कधी आणणार, हे तिला ठाऊक नाही. मात्र गर्भाशय काढण्याची गरज केव्हा असते आणि केव्हा नसते, पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे, हे ज्ञान तिच्याजवळ आधी पोहोचले असते, तर त्यांतल्या किती जणी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून परत फिरल्या असत्या! ज्ञान आणि हक्क यांची फारकत केली की दोन्ही बाजूंनी तिचीच हानी होते.

समाजवाद्यांचे अर्धे राहिलेले काम

हा विषय समाजवादी चळवळीला परका नाही. खेड्यातील स्त्रियांच्या शौचाचा आणि चुलीच्या धुराचा प्रश्न राममनोहर लोहियांनी मांडला, तेव्हा तो राजकारणाचा विषय मानण्याची रीत नव्हती. केंद्रात जनता पक्षाचे सरकार आल्यावर आरोग्यमंत्री झालेल्या राजनारायण यांच्या काळात २ ऑक्टोबर १९७७ रोजी समुदाय आरोग्यसेवक योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे गावाने आपल्यातून एक माणूस निवडायचा, त्याला तीन महिने शिक्षण द्यायचे, थोडी औषधे आणि महिना पन्नास रुपये मानधन द्यायचे. डॉक्टरांच्या संघटनेने ‘सरकारी वैदू’ निर्माण होतील म्हणून ओरड केली. सर्वांना आरोग्य या ध्येयाचा अल्मा-आटाचा जाहीरनामा त्यानंतर, १९७८ मध्ये आला.

योजना खरी होती. तिचे पाय मात्र मातीचे निघाले. निवडले गेलेले बहुतेक पुरुष होते, आणि निवड गावातील वजनदार माणसांच्या हाती राहिली. पन्नास रुपयांत स्वाभिमानाने काम करता येत नव्हते. सरकार कोसळल्यावर नाव बदलत, पैसा आटत योजना क्षीण झाली. या अपयशाचा दोष पुढच्या सरकारांवर टाकणे सोपे आहे. पण आपल्याच मंत्र्याच्या काळातील योजना गावोगाव उभी करण्यासाठी, तिच्या निवडीत भूमिहीन आणि दलित स्त्रिया याव्यात म्हणून, समाजवादी कार्यकर्ते ग्रामसभेत किती ठिकाणी उभे राहिले? ती कचेरीची योजना समजली गेली आणि कचेरीबरोबरच विझली.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या. जुन्या चुकांपैकी एक या वेळी सुधारली: आता सेविका स्त्री होती आणि गावातलीच होती. दुसरी चूक तशीच राहिली: तिला पगार नव्हता, कामागणिक मोबदला होता, ती कामगार नव्हती, ‘स्वयंसेविका’ होती. महाराष्ट्रात अशा सुमारे सत्तर हजार स्त्रिया आहेत. करोनाच्या साथीत दारोदार फिरवून त्यांच्यावर फुले उधळली गेली, आणि जून २०२१ मध्ये व पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना संपावर जावे लागले. मोबदला वाढला, कामगाराचा दर्जा अजून मिळालेला नाही. गावाला आरोग्याचे शिक्षण देणारी स्त्री स्वतः किमान वेतनाबाहेर राहते, हाच त्या शिक्षणाचा पहिला धडा गाव वाचत असते.

कार्यकर्त्याने काय करावे

मग पक्षाच्या कार्यकर्त्याचे काम कोणते? पहिले काम हिशोब मागण्याचे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून ठेवली होती. ती कोणत्या वस्तीत खर्च झाली, हे प्रत्येक ग्रामसभेत वस्तीनिहाय वाचून दाखवायला लावावे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर असते. तिचे सदस्य कोण, ती शेवटची केव्हा बसली, तिचा निधी कशावर गेला, हे विचारणारा एक माणूस पुरतो. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम झाले आहे. जनसुनवाईत आरोग्य केंद्राला उत्तरे द्यावी लागतात हा अनुभव आहे. तो पक्षाने आपल्या कामात घ्यावा.

दुसरे काम शिकण्याचे आणि शिकवण्याचे. टीसीएल पावडर विहिरीत किती टाकायची, तिचे पोते उघडे राहिले तर त्यातील क्लोरीन उडून जाते आणि मग गावाला नुसती पांढरी भुकटी पाजली जाते, ओटी चाचणीत पाण्याचा रंग पिवळा झाला म्हणजे काय समजायचे, जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडू नये आणि त्याला क्षारसंजीवनी कशी द्यावी, दोन शोषखड्डे कसे खणावेत, हे सारे कार्यकर्त्याला यायला हवे. ज्याला हे येते त्याचा शब्द गावात घराच्या आतपर्यंत जातो. पाण्यासाठी मोर्चा काढायला तोच माणूस उभा राहिला, तर मोर्च्यात बायका पुढे असतील. भरलेल्या शोषखड्ड्याचे खत उपसायची वेळ आली की सवर्ण कार्यकर्त्याने स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी. जातिअंताच्या ठरावापेक्षा ते गावाला लवकर समजेल.

तिसरे काम संघटनेचे. आशांच्या संपाला नुसते पत्रक काढून पाठिंबा देणे पुरेसे नाही. संपाच्या काळात गावाला त्यांच्या मागणीचा अर्थ समजावणे हेही आरोग्यशिक्षणच आहे. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी कारखान्याकडे कोप्यांसाठी पाणी, संडास आणि न्हाणी यांची लेखी मागणी गेली पाहिजे. पाळीच्या दिवसांतील खाड्याचा दंड बंद करणे ही मागणी वेतनवाढीच्या बरोबरीने मांडली गेली पाहिजे, यादीच्या तळाशी ‘महिलांचे प्रश्न’ म्हणून नव्हे.

पुढच्या २ ऑक्टोबरला पुन्हा फेरी निघेल, चौक पुन्हा झाडला जाईल. त्या दिवशी कार्यकर्त्याने फेरीवर बहिष्कार टाकू नये. तिच्यात सामील व्हावे, आणि छायाचित्रे निघून झाल्यावर झाडू हातात असलेल्या पाहुण्यांना दलित वस्तीतल्या कोरड्या नळापर्यंत चालत घेऊन जावे. तेथे बायांनी हंडे मांडून ठेवलेले असतील. हात कोणत्या पाण्याने धुवायचे, हा प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा.